‘विठ्ठल’ या नावाची हाकेची रूपे : काही मतांचा परामर्श

व्यक्तिनामांचा विचार आपल्याकडे बहुधा व्युत्पत्तीपाशी सुरू होतो आणि व्युत्पत्तीपाशीच संपतो. नाव कोठून आले हे एकदा सांगून झाले, की त्या नावाने कोण कोणाला कशी हाक मारतो हा प्रश्न घरगुती गमतीचा समजून सोडून दिला जातो. वाङ्मयाच्या अभ्यासकाला तसे करता येणार नाही. संतवाङ्मयात, बखरींत, कथाकादंबऱ्यांत आणि आत्मचरित्रांत माणसे व देव ज्या रूपाने हाकारले जातात, ते रूप लेखकाने निवडलेले असते, निदान त्याने स्वीकारलेले तरी असते; आणि त्या निवडीत त्याचा समाज बोलत असतो. प्रस्तुत लेखात ‘विठ्ठल’ हे एकच नाव घेऊन त्याच्या विठू, विठो, विठोबा, विठ्या, विठाई, विठाबाई, विठोजी, विठ्ठलपंत इत्यादी रूपांविषयी जी मते सर्रास प्रकट केली जातात, त्यांची तपासणी करावयाची आहे. हे नाव निवडण्याचे कारण असे, की मराठीतील दुसऱ्या कोणत्याही पुरुषनामाला इतकी रूपे क्वचितच लाभली असतील. शिवाय हे नाव देवाचेही आहे आणि माणसाचेही आहे, आणि दोघांनाही तीच रूपे लागतात.

पहिले मत असे, की ‘विठ्ठल’ हे मूळ व शुद्ध नाव असून बाकीची रूपे त्याचे अपभ्रंश होत. हे मत इतके स्वाभाविक वाटते की त्याची कोणी चौकशीच करीत नाही. परंतु डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वैष्णव-शैव संप्रदायांवरील ग्रंथात जी उपपत्ती सुचविली, ती मान्य केली तर सगळा क्रमच उलटा होतो. संस्कृत ‘विष्णु’चे कानडीत ‘बिट्टि’ असे रूप होते; बाराव्या शतकातील होयसळ राजा विष्णुवर्धन हा बिट्टिदेव या नावाने ओळखला जात असे; अशा रूपाला आदराचे वा लाडाचे प्रत्यय लागून विठोबा आणि विठ्ठल ही नावे सिद्ध झाली, असा त्या उपपत्तीचा मथितार्थ आहे. म्हणजे ज्याला आपण भारदस्त नाव समजतो तेच मुळात एक हाकेचे नाव ठरते, आणि ‘विठू’ हे ‘विठ्ठल’चे लेकरू नसून कदाचित त्याचे थोरले भावंड ठरते. भांडारकरांच्या या उपपत्तीवर पुढे पुष्कळ आक्षेप आले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ‘विष्ठल’ म्हणजे दूरचे, रानावनातले स्थळ, त्या स्थळीचा देव तो विठ्ठल, असा अर्थ लावला. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात धनगर-गवळ्यांच्या विठ्ठल-बीरप्पा या दैवताशी पंढरपूरच्या देवाचा संबंध जोडून, नावापेक्षा दैवताच्या घडणीचा प्रश्न अधिक मूलगामी ठरविला. या वादात निर्णय देण्याचे प्रयोजन येथे नाही. राजवाड्यांची व्युत्पत्ती मला त्यांच्या अनेक व्युत्पत्तींप्रमाणे बुद्धीला चकित करणारी परंतु मनाला न पटणारी वाटते, एवढेच नमूद करतो. मुद्दा असा, की या थोर पंडितांपैकी एकानेही ‘विठ्ठल’ हे निर्विवाद संस्कृत नाव म्हणून गृहीत धरलेले नाही. मग विठू-विठोबांना अपभ्रंश कशाचा म्हणावयाचे?

याच्या उलट टोकाला धर्मसिंधुकार काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांची व्युत्पत्ती आहे. ‘वित्’ म्हणजे ज्ञान, ‘ठ’ म्हणजे शून्य, ‘ल’ म्हणजे स्वीकारणारा. तेव्हा ज्ञानाने शून्य अशा अडाण्यांचाही जो स्वीकार करतो तो विठ्ठल. भाषाशास्त्राच्या दृष्टीने या विवरणाला काडीचीही किंमत नाही, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. तथापि एक निष्णात धर्मशास्त्री ज्या अर्थाच्या शोधात निघाला तो अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. त्याला या नावात पांडित्य सापडत नाही; अज्ञांचा आश्रयच सापडतो. हाकेच्या रूपांनी जे काम बोलभाषेत आधीच केले होते, तेच शास्त्रीबोवांनी अक्षरे फोडून संस्कृतात केले.

येथे एका छोट्या पण वारंवार होणाऱ्या गफलतीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. ज्ञानदेवांच्या नावावरील अभंगांत ‘विठ्ठलु’ असे रूप येते. आजच्या कानाला त्यात ‘विठू’सारखा लाडिकपणा ऐकू येतो, आणि गायनामुळे तो अधिकच गोड होतो. परंतु हा अंत्य उकार लडिवाळपणाचा नव्हे. जुन्या मराठीतील अकारान्त पुल्लिंगी नामाच्या प्रथमेच्या एकवचनाचा तो सामान्य प्रत्यय होय. त्या काळच्या भाषेत देवु, गुरवु, चोरु हे सगळेच उकारान्त आहेत. ज्या काळात प्रत्येक नामाला उकार लागत होता त्या काळच्या उकारावरून भक्ताचे वात्सल्य सिद्ध करणे म्हणजे व्याकरणाला भावगीत समजणे होय. ‘विठू’तील दीर्घ ऊकार वेगळा आहे, तो सदू, दामू, गणू, रघू यांच्या पंक्तीतला आहे. हा भेद पाळला तरच पुढील विवेचनाला अर्थ राहील.

आता दुसरे मत. ‘ओबा’ हा प्रत्यय ग्रामीण किंवा अशिष्ट असून सुशिक्षितांनी तो टाळला, असे म्हटले जाते. विसाव्या शतकातील शहरी कानाला हे खरे वाटावे अशी परिस्थिती होती. पण इतिहासाला ते मान्य नाही. कऱ्हाडचे व्युत्पन्न संस्कृत पंडित आणि कवी दप्तरदार (१८१३–७३) हे ‘विठोबाअण्णा’ म्हणूनच विद्वत्सभेत ओळखले जात. त्यांच्या पांडित्याला या नावाने कमीपणा आल्याचे कोणाला वाटले नाही. मराठीचे आद्य व्याकरणकार म्हणून ज्यांना मान दिला जातो ते तर्खडकर ‘दादोबा पांडुरंग’ म्हणूनच प्रसिद्ध आहेत. ज्ञानोबा, तुकोबा, गोरोबा, चोखोबा ही संतांची नावे आणि खंडोबा, बिरोबा, म्हसोबा ही देवांची नावे एकाच साच्यातून निघालेली आहेत. माणूस आणि देव यांना एकाच प्रत्ययाने वडिलकीचा मान द्यावयाचा, ही महाराष्ट्राची रीत आहे. हा ‘बा’ बापाचा आहे, अशी आपली समजूत आहे आणि ती या उपयोगाशी जुळते. चोखोबांना वारकऱ्यांनी ‘बा’ लावला याचा अर्थ ज्या साच्यात देव बसतो त्याच साच्यात त्यांनी चोखामेळ्याला बसविले. मंदिराच्या पायरीबाहेर उभा राहणारा महार आणि विटेवर उभा असणारा देव नावाच्या रचनेत सारखे झाले. उंबरठ्यावर मात्र ते सारखे होण्यास १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी ज्या गृहस्थाला पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले त्या साने गुरुजींचे पाळण्यातले नाव पांडुरंग असावे, हा योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही.

तिसरे मत सर्वांत अधिक रूढ आहे, आणि सर्वांत अधिक घातकही आहे. ते असे : ‘ऊ’ हा प्रेमाचा प्रत्यय, ‘या’ हा तुच्छतेचा प्रत्यय. विठू म्हणजे लाड, विठ्या म्हणजे हेटाळणी. शालेय व्याकरणापासून संतवाङ्मयावरील टीपांपर्यंत हे सूत्र गृहीत धरलेले आढळते. त्याच्या आधारे मग जनाबाईंच्या नावावरील एका प्रसिद्ध अभंगाचा उलगडा केला जातो. त्या अभंगात विठ्ठलाला ‘विठ्या’ अशी हाक घालून, त्याच्या मरणाची भाषा बोलून, त्याला उघडउघड शिव्या दिलेल्या आहेत. ‘या’ जर तुच्छतेचा असेल तर एवढी मोठी संतकवयित्री देवाला तुच्छ कशी लेखील, असा पेच पडतो. आणि मग ‘ही प्रेमाची शिवी आहे’, ‘ही निंदास्तुती आहे’ असे सांगून टीकाकार व कीर्तनकार त्या पेचातून सुटका करून घेतात. हा उलगडा चूक आहे असे मी म्हणत नाही. तो फार लवकर केलेला उलगडा आहे. निंदास्तुती हे अलंकाराचे नाव झाले. जनीने तोच शब्द का उचलला, याचे ते उत्तर नव्हे.

जनाबाईंच्या नावावरील तीन अभंग शेजारी ठेवून पाहावेत. एकात देव ‘विठू’ आहे, आणि तो लेकुरवाळा आहे. खांद्यावर, कडेवर, हाताला धरून संतांची पोरे घेऊन चाललेला आहे. दुसऱ्यात तो ‘विठाबाई’ आहे, पंढरीची आई आहे. तिसऱ्यात तो ‘विठ्या’ आहे. या तिन्ही अभंगांचे कर्तृत्व एकाच ऐतिहासिक व्यक्तीकडे देता येईल की नाही, हा पाठचिकित्सेचा प्रश्न बाजूला ठेवू. परंपरेने ते तिन्ही एकाच स्त्रीच्या तोंडी घातले आहेत, हेच आपल्या कामाचे आहे. आता प्रत्ययाचे सूत्र लावून पाहा. ‘विठू’ हे लहान मुलाला शोभणारे रूप. पण ज्या अभंगात ते येते तेथे देव मूल नाही, पोरांचा बाप आहे. मुलाच्या नावाने बापाला हाक मारलेली आहे. ‘विठाबाई’त पुरुषाचे नाव स्त्रीचे झाले आहे. आणि ‘विठ्या’त स्वामीचे नाव नोकराचे झाले आहे. तिन्ही ठिकाणी एकच क्रिया घडते : जे रूप ज्याला लागू नये ते त्याला लावले जाते. प्रेम किंवा राग प्रत्ययात नाही. तो या स्थानांतरात आहे.

‘विठ्या’ हे नोकराचे रूप कसे, याला फार लांबचा पुरावा लागत नाही. जनी ही नामदेवांच्या घरची दासी. ती आपल्याला ‘दासी जनी’, ‘नामयाची दासी’ म्हणविते. घरातील लहानसहान कामे करणाऱ्या पोराला धनी ज्या रूपाने हाक मारतो ते रूप ‘या’चेच असते, आणि दळणकांडण करणाऱ्या पोरीला ‘जने’ किंवा ‘जनी’ म्हणतात, जनाबाई म्हणत नाहीत. बाई हे पद तिला तिच्या मृत्यूनंतर परंपरेने दिले. तेव्हा ती देवाला ‘विठ्या’ म्हणते तेव्हा देवाला खाली ओढीत नाही. जी जागा जगाने आपल्याला दिली आहे त्याच जागेवर त्याला आणून बसविते. या देवाने तिच्याबरोबर दळले, शेण्या वेचल्या, अशी जी कथा सांगितली जाते तिच्याशी हे नाव तंतोतंत जुळते. ज्याने गड्याचे काम केले त्याला गड्याची हाक. या वाचनात शिवी उरतेच, तिचा दंशही उरतो. त्याला मऊ करण्याची गरज मात्र उरत नाही.

याच नियमाचा दुसरा आणि अधिक बोलका दाखला दामाजीपंतांच्या कथेत आहे. दुष्काळात मंगळवेढ्याची सरकारी धान्याची कोठारे लुटविणाऱ्या दामाजीची ही कथा महिपतीच्या ‘भक्तविजया’त (१७६२) आली आहे आणि कीर्तनांतून घरोघर पोचलेली आहे. बेदरच्या बादशहाकडे धान्याची किंमत चुकती करावयाला देव स्वतः गेला, तो महाराच्या वेषाने. आणि परंपरेने त्याला दिलेले नाव ‘विठू महार’ असे आहे. येथे ‘विठ्ठल महार’ म्हणून चालले नसते काय? अर्थदृष्ट्या चालले असते. परंतु कथा सांगणाऱ्याच्या कानाला ते खोटे वाटले असते. महाराच्या अंगावर पूर्ण नाव बसत नाही, हे सांगणारा आणि ऐकणारा दोघेही जाणत होते. वेष पालटताना देवाने घोंगडी आणि काठी घेतली, तसा प्रत्ययही पालटला. आपल्या धर्मकथांत देवाने माणसाचे रूप घेतल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. पण रूपाबरोबर व्याकरणही घेतल्याचे असे उदाहरण मला दुसरे आठवत नाही. आणि येथे ‘ऊ’ हा प्रेमाचा प्रत्यय आहे असे कोण म्हणेल? दरबारातील हुजऱ्यांनी त्याला ‘विठू’ म्हटले असेल ते लाडाने नव्हे. भक्त तेच नाव उच्चारतो तेव्हा त्याचा कंठ दाटून येतो. शब्द एकच, प्रत्यय एकच, बोलणारा वेगळा.

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा विधी सांगताना ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे असे सांगितले आहे. या वचनाची चर्चा बहुधा नावांच्या अर्थापुरती होते : कचरू, धोंडू, दगडू ही नावे त्याची उदाहरणे म्हणून दाखविली जातात. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आणि दया पवार ही एकाच माणसाची दोन नावे परस्परांसमोर उभी केली आहेत, तेथे हा प्रश्न आत्मचरित्राच्या रचनेचाच कणा झाला आहे. परंतु नाव मंगल असूनही त्याचे रूप जुगुप्सित करता येते, ही गोष्ट या चर्चेत निसटते. विठ्ठल, राम, गोविंद ही देवाची नावे अस्पृश्य मानलेल्या जातींतही ठेवली जात होती. नाव ठेवण्यास कोणाची हरकत नसे. हाक मात्र विठ्या, राम्या, गोंद्या अशीच पडे, आणि ती मारणारा दहा वर्षांचा व हाक ऐकणारा साठ वर्षांचा असे. पाटलाचा पोर राव आणि गावकीचा म्हातारा ‘या’, हा प्रकार अनेक दलित आत्मकथनांत येतो. अर्थाच्या पातळीवर स्मृतीचे वचन पाळले गेले नाही, तरी प्रत्ययाच्या पातळीवर ते पाळले जात होते. डॉ. आंबेडकरांचे बाळपणीचे ‘भिवा’ हे नाव, पुढचे ‘भीमराव’ हे नाव आणि लोकांनी दिलेले ‘बाबासाहेब’ हे नाव, ही केवळ एका थोर पुरुषाची तीन नावे नव्हेत. त्यांच्यामधील अंतर हा मराठी समाजाच्या इतिहासाचा एक अध्याय आहे.

मुंबईसारख्या शहरात याचे आणखी एक रूपांतर झाले. तेथे घरकाम करणारा कोकणातला गडी, त्याचे नाव काही असो, ‘रामा’ झाला, आणि ‘रामागडी’ हा शब्द रूढ झाला. व्यक्तीचे नाव वर्गाचे नाव बनले. १९७५ साली दादा कोंडके यांचा ‘पांडू हवालदार’ हा चित्रपट आला, आणि ‘पांडू’ हा साध्या पोलीस शिपायासाठी थट्टेचा शब्द म्हणून पसरला. चित्रपट करमणुकीचा होता, त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण विठ्ठलाचेच दुसरे नाव जे पांडुरंग, त्याच्या हाकेच्या रूपाची अशी गत झाल्यावर कोणता बाप आपल्या मुलाला पांडू म्हणून हाक मारील? नेमाड्यांच्या ‘कोसला’चा (१९६३) नायक पांडुरंग सांगवीकर आहे, ती कादंबरी बारा वर्षे नंतर आली असती तर त्या नावाच्या वाचनावर एक अनाहूत छाया पडली असती. वाङ्मयातील नावे अशी बाहेरच्या हवेने गंजतात, आणि जुन्या पुस्तकाचे वाचन करताना हा गंज खरवडून काढावा लागतो.

‘या’ तुच्छतेचाच, या सूत्राविरुद्ध सर्वांत बलवान साक्ष मात्र दासीची किंवा गड्याची नाही. ती एका आईची आहे. विनायक नरहर भावे यांना त्यांची आई ‘विन्या’ म्हणत असे. त्यांनी स्वतःच ही आठवण अनेकदा सांगितली आहे. गांधीजींच्या आश्रमात त्याच विनायकाचा ‘विनोबा’ झाला. या माणसाला ‘विन्या’त अवमान वाटला नाही, उलट आईच्या आठवणीतला तो सर्वांत जवळचा शब्द राहिला. आणि आश्रमाने दिलेला ‘बा’ हा संतपरंपरेतला ‘बा’ आहे, खेडवळपणाचा नव्हे. एकाच व्यक्तीच्या नावाला लागलेले हे दोन प्रत्यय आपल्या दोन रूढ सूत्रांना एकदमच निकालात काढतात.

मग ‘या’ सांगतो तरी काय? माझ्या मते तो एवढेच सांगतो, की बोलणाऱ्याला ऐकणाऱ्यावर हक्क आहे, आणि तो हक्क त्याला परवानगी न मागता मिळालेला आहे. आईला तो जन्माने मिळतो, मित्राला सहवासाने, धन्याला पैशाने, जातीच्या मातब्बराला रूढीने. हक्काचे मूळ काय, यावर त्या हाकेचा गोडवा किंवा कडवटपणा अवलंबून असतो. जनीचा प्रताप असा, की तिला यांतील कोणत्याही मार्गाने हक्क मिळालेला नसताना तिने तो घेतला.

नावाच्या लांबीचा उपयोग विनोदी लेखकांनी फार चांगला ओळखला आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ची अनुक्रमणिका पाहावी. अंतू बर्वा, लखू रिसबूड, परोपकारी गंपू : अनंत, लक्ष्मण, गणपत ही नावे तेथे उच्चारातून झिजून आलेली आहेत, कारण ती माणसे चाळीत, आळीत, लग्नघरात सदैव इतरांच्या हाकेच्या अंतरावर वावरतात. परंतु छापील भाषेत बोलणारा कोवळा वाचक मात्र ‘सखाराम गटणे’ म्हणूनच अनुक्रमणिकेत येतो. त्याचा सख्या किंवा सखू होत नाही, कारण त्याच्यापर्यंत हाक पोचावी एवढा तो कोणाच्या जवळ आलेलाच नाही. तो ग्रंथांच्या पलीकडे उभा आहे. त्या व्यक्तिचित्रातील विनोद आणि करुणा यांचा निम्मा भाग शीर्षकातच सामावला आहे.

सत्तेच्या दिशेने लागणारे प्रत्यय अधिक सरळ आहेत, म्हणून त्यांवर थोडक्यात. मालोजी भोसल्यांचे बंधू विठोजी, आणि १८०१ साली पुण्यात ज्यांना हत्तीच्या पायी दिले गेले ते विठोजी होळकर, हे ‘जी’ तलवारीच्या घराण्यांचे. ज्ञानदेवांचे वडील परंपरेत विठ्ठलपंत, हा ‘पंत’ लेखणीचा. सहकारी साखर कारखानदारीचे प्रवर्तक विठ्ठलराव विखे पाटील, हा ‘राव’ जमिनीचा आणि वतनाचा. गुजरातेत वल्लभाचार्यांचे पुत्र विठ्ठलनाथ यांच्यामुळे पुष्टिमार्गात हे नाव रुजले, आणि तेथे विठ्ठलदास, विठ्ठलभाई ही रूपे झाली. केंद्रीय कायदेमंडळाचे १९२५ साली निवडून आलेले पहिले भारतीय अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल हे त्यांतले. मराठीत ‘विठ्ठलभाऊ’ होऊ शकते, पण ते नाव म्हणून स्थिर होत नाही, बोलण्यातच राहते. आणि स्त्रियांच्या बाजूला विठा, विठाबाई. पंढरपुरात जन्मलेल्या तमासगीर विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांचे नाव घेताना, ज्या रूपाने जनाबाईंनी देवाला आई केले तेच रूप फडावर नाचणाऱ्या स्त्रीचे होते, हे वारकरी आणि तमासगीर दोघांनाही विसंगत वाटत नाही. पिंजऱ्यातल्या पोपटालाही आपण विठूच म्हणतो. त्याला पहिला शब्द तोच शिकवावयाचा असतो.

पूर्ण नाव टाळण्याचे आणखी एक कारण घरातच होते, आणि ते प्रेमाशी वा तुच्छतेशी मुळीच संबंधित नव्हते. आजोबांचे नाव नातवाला ठेवावयाची चाल होती, आणि नवऱ्याचे, सासऱ्याचे नाव उच्चारावयाचे नाही अशीही चाल होती. नातवाचे नाव विठ्ठल ठेवले की आजी आणि आई दोघींनाही ते तोंडातून काढणे कठीण होई. मग तो बाळ होई, तात्या होई, बापू होई, अण्णा होई. म्हणजे पुष्कळ टोपणनावे ही जवळिकीची नसून निषेधाची अपत्ये आहेत. विठ्ठल रामजी शिंदे (१८७३–१९४४) सार्वजनिक जीवनात अण्णासाहेब म्हणून ओळखले गेले. अशा ‘अण्णां’च्या आणि ‘तात्यां’च्या मागे दडलेल्या नावांची घराण्याघराण्यांतून नोंद केली, तर नातेसंबंधांच्या अभ्यासाला ती उपकारक होईल. आमच्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने हे काम हाती घ्यावे. त्यासाठी पोथ्यांपेक्षा म्हाताऱ्या माणसांची अधिक गरज आहे, आणि ती थांबून राहत नाहीत.

राहता राहिले चौथे मत : हे नाव आता जुनाट झाले. पाळण्यात हे नाव आता क्वचित ऐकू येते आणि बहुधा वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावाच्या जागी दिसते, हे मान्य करावयास हवे. पण याची जी कारणे दिली जातात, की नाव लांब आहे, जोडाक्षर अवघड आहे, ती लटकी आहेत. ‘विठ्ठल’ तीन अक्षरांचे आहे. आज हौसेने ठेवली जाणारी कित्येक नावे याहून लांब आणि उच्चाराला अधिक बिकट असतात. माझा तर्क असा, की आईबापांना भीती वाटते ती नावाची नव्हे, त्याच्या हाकेची. शाळेच्या अंगणात याचा विठ्या होणार, हे ते जाणतात. दोन अक्षरांची, ज्यांना प्रत्यय लावावयाला जागाच नाही अशी नावे आज पसंत पडतात, त्यामागे नावाला कोणी हात लावू नये ही इच्छा आहे. ज्या समाजाने ‘या’ लावण्याचा अधिकार इतक्या बेफिकिरीने वापरला, त्या समाजात ही इच्छा गैर म्हणता येत नाही. मात्र तिच्याबरोबर ‘विन्या’ म्हणणारी आईही भाषेतून थोडी मागे सरते.

संपादनाच्या दृष्टीने एक सूचना. अभंगगाथांच्या शब्दसूचीत विठ्ठल, विठो, विठोबा, विठू, विठाई, विठाबाई, विठ्या ही सर्व रूपे एकाच शीर्षाखाली घातली, की संशोधकाला त्यांचा काहीच उपयोग होत नाही. ती स्वतंत्र नोंदवावीत. प्रत्येक नोंदीपुढे हाक कोणाच्या तोंडी आहे ते द्यावे. आणि ‘विठ्ठलु’सारखी विभक्तिरूपे त्यांपासून वेगळी ठेवावीत. छंदासाठी पडलेली आणि अर्थासाठी निवडलेली रूपे कोणती, हे अशा सूचीवाचून ठरविता येणार नाही. ‘विठो’ हे संबोधन अभंगाच्या चरणात मात्रेच्या सोयीने किती वेळा येते आणि भावाच्या गरजेने किती वेळा, हा साधा प्रश्नही अशी सूची झाल्याखेरीज सुटावयाचा नाही.

या कामात कानडीशी तुलना टाळता येणार नाही. हरिदासांच्या पदांच्या शेवटी येणारी अंकिते पाहिली तर पुरंदर विठ्ठल, विजय विठ्ठल, जगन्नाथ विठ्ठल अशी ती असतात : सही देवाच्या नावाची, आणि नाव पूर्ण. मराठी अभंगाच्या शेवटची मुद्रा भक्ताच्या स्वतःच्या नावाची असते, आणि ते नाव तोडलेले असते : नामा, तुका, चोखा, जनी, एका. कानडी कवी शेवटी देवाच्या पूर्ण नावामागे उभा राहतो. मराठी कवी आपलेच नाव लहान करून देवासमोर उभा राहतो. एकाच क्षेत्राच्या, एकाच दैवताच्या या दोन परंपरांत ही रीत अशी का फाटली, याचे उत्तर दोन्ही भाषा जाणणाऱ्या अभ्यासकाकडून यावयास हवे. जमखंडीत जन्मलेल्या आणि कानडी-मराठीच्या संबंधावर लिहिणाऱ्या विठ्ठल रामजींनी ते कदाचित दिले असते.